गुनपेई योकोई

गुनपेई योकोई (जन्म : १० सप्टेंबर १९४१, क्योतो; मृत्यू : ४ ऑक्टोबर १९९७, इशिकावा प्रांत) हे जपानी अभियंते, खेळण्यांचे रचनाकार आणि व्हिडिओ गेम निर्माते होते. 'निन्टेन्डो' या जपानी कंपनीत त्यांनी सुमारे तीन दशके काम केले. 'गेम अँड वॉच' ही खिशात मावणारी खेळयंत्रे, चार दिशांचे अधिक-चिन्हाच्या आकाराचे दिशा-बटण आणि 'गेम बॉय' हे हँडहेल्ड खेळयंत्र ही त्यांची विशेष प्रसिद्ध कामे होत. 'मेट्रॉइड' आणि 'किड इकारस' या खेळमालिकांचे ते आरंभीचे निर्माते होते. स्वस्त आणि जुने झालेले तंत्र अनपेक्षित ठिकाणी वापरून नवे खेळ घडवावेत, हा विचार त्यांनी मांडला व आयुष्यभर आचरला. उत्पादनाचा खर्च, कंपनीचा नफा आणि ग्राहकाचे समाधान यांचा खेळाच्या गुणवत्तेशी कसा संबंध असतो, याचा अभ्यास करताना योकोई यांच्या कारकिर्दीचा दाखला नेहमी दिला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

योकोई यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्योतो शहरात झाला. त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स विषयातील पदवी घेतली. शिक्षण संपल्यावर विद्युत उपकरणे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत त्यांना नोकरी मिळाली नाही. अखेर घरापासून जवळ असलेल्या निन्टेन्डोत ते १९६५ मध्ये रुजू झाले.

१८८९ मध्ये क्योतोत स्थापन झालेली ही कंपनी त्या काळी 'हानाफुदा' या पारंपरिक जपानी पत्त्यांसाठी व पाश्चात्त्य पद्धतीच्या पत्त्यांसाठी ओळखली जात होती. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोई यांचे पहिले काम होते. यंत्रे सुरळीत चालू असली की त्यांच्याजवळ बराच मोकळा वेळ उरत असे. कारखान्यातील साधने हाताशी घेऊन स्वतःच्या करमणुकीसाठी लहानसहान वस्तू बनवण्यात ते हा वेळ घालवीत.

खेळण्यांची निर्मिती

१९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्याची पाहणी करीत असताना त्यांना योकोई यांच्या हातात एक विचित्र वस्तू दिसली. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा तो लांबणारा हात होता. मूठ दाबली की पट्ट्या पसरून दूरची वस्तू पकडता येत असे. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागतील, असे योकोई यांना वाटले होते. यामाउची यांनी मात्र ती वस्तू विक्रीसाठी तयार करण्यास सांगितले. 'अल्ट्रा हँड' या नावाने ती बाजारात आली आणि तिचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. पत्त्यांचा धंदा मंदावल्यामुळे नव्या उत्पन्नाच्या शोधात असलेल्या कंपनीला या यशाने खेळण्यांच्या व्यवसायाची वाट दाखवली. योकोई यांची नेमणूक नव्या वस्तूंच्या विकासाच्या कामावर झाली.

त्यानंतर त्यांनी घरात चेंडू फेकणारे 'अल्ट्रा मशीन' आणि १९६९ मध्ये 'लव्ह टेस्टर' ही खेळणी तयार केली. 'लव्ह टेस्टर'मध्ये एक साधा विद्युत मापक होता. दोघांनी परस्परांचा हात धरून आपापल्या मोकळ्या हातात यंत्राची एकेक मूठ धरली की शरीरातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहानुसार काटा हलत असे. त्या काळच्या जपानी समाजात तरुण-तरुणींना हात हातात घेण्यास एक निमित्त मिळणे, हेच या खेळण्याचे खरे आकर्षण होते. त्यातील तंत्र कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत सापडेल इतके साधे होते.

'शार्प' कंपनीत सौर घटांच्या विक्रीचे काम पाहणारे मासायुकी उएमुरा यांच्या संपर्कातून प्रकाशाच्या बंदुकीची कल्पना पुढे आली. वीज निर्माण करण्यासाठी बनवलेला सौर घट योकोई यांनी नेमबाजीचे लक्ष्य म्हणून वापरला. बंदुकीतून निघालेला प्रकाशाचा झोत त्यावर पडला की लक्ष्य हलत असे. ही खेळणी १९७० मध्ये बाजारात आली. पुढे उएमुरा स्वतः निन्टेन्डोत आले.

१९७२ मधील 'लेफ्टी आरएक्स' ही दूरनियंत्रित मोटार त्यांच्या विचारपद्धतीचा नमुना मानली जाते. त्या वेळी अशा मोटारी महाग असत, कारण प्रत्येक हालचालीसाठी स्वतंत्र संदेशवाहिनी लागे. योकोई यांनी एकच वाहिनी ठेवली. त्यामुळे मोटार सरळ जाई किंवा फक्त डावीकडे वळे. वर्तुळाकार शर्यतीसाठी तेवढे पुरेसे होते आणि किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली.

सगळेच प्रयोग लाभदायक ठरले नाहीत. बोलिंगचा शौक ओसरल्यावर रिकाम्या पडलेल्या दालनांसाठी प्रकाशाच्या बंदुकीवर आधारित नेमबाजीचा मोठा खेळ १९७३ मध्ये उभारण्यात आला. त्याच वर्षी उद्भवलेल्या तेलसंकटामुळे मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात सापडली.

गेम अँड वॉच

शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने प्रवास करीत असताना एक नोकरदार प्रवासी वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसल्याचे योकोई यांनी पाहिले. मोठ्या माणसालाही प्रवासात कोणाच्या नजरेत न येता खेळता येईल असे छोटे यंत्र असावे, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. पुढे एकदा यामाउची यांची मोटार चालवण्याची वेळ त्यांच्यावर आली असता त्यांनी ती बोलता बोलता सांगितली. यामाउची यांनी लगेच कॅल्क्युलेटरचे पडदे बनवणाऱ्या 'शार्प'शी बोलणी सुरू केली.

जपानी कंपन्यांमधील तीव्र स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरच्या एलसीडी पडद्यांच्या व चिपांच्या किमती तोपर्यंत कोसळल्या होत्या. योकोई यांनी हेच भाग घेतले आणि पडद्यावर अंकांऐवजी माणसांच्या व वस्तूंच्या आकृत्या बसवल्या. बटन सेलवर चालणाऱ्या या यंत्रात वेळही दिसत असल्याने त्याला 'गेम अँड वॉच' असे नाव देण्यात आले. या मालिकेतील पहिला खेळ, 'बॉल', एप्रिल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. एका यंत्रात एकच खेळ असे. १९९१ पर्यंत या मालिकेत सुमारे साठ खेळ निघाले आणि जगभर ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली. या विक्रीमुळे निन्टेन्डोवरील कर्ज फिटण्यास मोठा हातभार लागला आणि पुढील कन्सोलसाठी भांडवल उभे राहिले.

१९८२ मध्ये 'डाँकी काँग' हा खेळ या मालिकेत आणताना एक अडचण उभी राहिली. हे यंत्र डबीसारखे मिटणारे होते व त्यात उभी दांडी मावत नव्हती. योकोई यांनी चारही दिशांना दाबता येईल असे अधिक-चिन्हाच्या आकाराचे सपाट बटण तयार केले. बोटाकडे न पाहताही अंगठ्याला दिशा कळत असे. १९८३ मध्ये आलेल्या 'फॅमिकॉम' या घरगुती कन्सोलच्या नियंत्रकावर हेच बटण बसवण्यात आले. जमिनीवर पडलेल्या दांडीवर मुलाचा पाय पडून ती मोडण्याची भीतीही त्यामुळे टळली. पुढे बहुतेक सर्व कंपन्यांच्या नियंत्रकांवर या बटणाचे कोणते ना कोणते रूप दिसू लागले.

व्हिडिओ गेम निर्मिती

१९८० मध्ये निन्टेन्डोने 'रडार स्कोप' या खेळाची सुमारे ३,००० यंत्रे अमेरिकेत पाठवली. त्यांपैकी सुमारे २,००० यंत्रे विकली न जाता पडून राहिली. त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ तयार करण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले आणि देखरेखीची जबाबदारी योकोई यांच्यावर सोपवण्यात आली. यातून १९८१ मध्ये 'डाँकी काँग' निर्माण झाला. नुकसान भरून काढण्याच्या गरजेतून जन्मलेल्या या खेळाने कंपनीला अमेरिकेत पाय रोवून दिले. १९८३ मधील 'मारिओ ब्रदर्स' हा खेळही दोघांच्या सहकार्यातून झाला.

योकोई हे संशोधन व विकास विभाग क्रमांक १ चे प्रमुख होते. या विभागाने १९८६ मध्ये 'मेट्रॉइड' व 'किड इकारस' हे खेळ तयार केले. 'सुपर मारिओ लँड', 'डॉक्टर मारिओ' आणि 'फायर एम्ब्लेम' मालिकेतील आरंभीचे खेळ यांचे निर्माता म्हणूनही त्यांनी काम पाहिले. सहकाऱ्यांना मोकळीक देणे आणि खेळाचा गाभा प्रथम तपासणे, ही त्यांची पद्धत होती.

अमेरिकेतील मंदी आणि 'रॉब'

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. घाईघाईने तयार केलेले असंख्य खेळ दुकानांत साचले होते. 'अटारी' कंपनीचा 'ई.टी.' हा खेळ नाताळच्या हंगामात विक्रीस यावा म्हणून सुमारे पाच आठवड्यांत लिहून घेण्यात आला होता. खरेदी करण्यापूर्वी खेळ कसा आहे हे ग्राहकाला कळत नसे. एक-दोनदा फसवणूक झाल्याची भावना झाली की तो चांगल्या खेळाकडेही पाठ फिरवीत असे. दुकानदारांनी व्हिडिओ गेम ठेवणेच बंद केले. अल्पकाळाच्या नफ्यासाठी गुणवत्तेचा बळी दिल्यास संपूर्ण व्यवसाय धोक्यात येतो, याचे हे ठळक उदाहरण ठरले.

या परिस्थितीत १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपला कन्सोल अमेरिकेत आणला. दुकानदारांचा व्हिडिओ गेमवरील अविश्वास लक्षात घेऊन योकोई यांच्या विभागाने 'रॉब' नावाचा छोटा यंत्रमानव तयार केला होता. तो सोबत असल्यामुळे कन्सोलची ओळख खेळणे म्हणून करून देणे शक्य झाले. रॉबसाठी दोनच खेळ निघाले आणि त्याचा उपयोग लवकरच संपला, परंतु दुकानांची दारे उघडण्याचे काम त्याने केले. याच काळात कंपनीने इतर निर्मात्यांवर कडक अटी घातल्या. परवान्याशिवाय कार्ट्रिज चालू नये म्हणून कन्सोलमध्ये कुलूप-चिप बसवण्यात आली. एका निर्मात्याने अमेरिकेत वर्षाला पाचच खेळ काढावेत, अशी मर्यादाही होती. या अटींमुळे खेळांचा पूर आटोक्यात राहिला. त्याच वेळी कार्ट्रिजचे उत्पादन व त्यावरील नफा निन्टेन्डोच्या हाती एकवटला आणि त्याबद्दल कंपनीवर टीकाही झाली.

गेम बॉय

'गेम अँड वॉच'मध्ये खेळ बदलता येत नसे. ही मर्यादा दूर करणारे, कार्ट्रिजवर चालणारे हँडहेल्ड यंत्र योकोई यांच्या विभागाने विकसित केले. सातोरू ओकादा हे त्यातील प्रमुख अभियंते होते. 'गेम बॉय' या नावाने हे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येन किमतीला विक्रीस आले. त्याच वर्षी अमेरिकेत ते सुमारे ९० डॉलरला मिळू लागले.

विकासाच्या काळात पडद्यावरून मोठा पेच निर्माण झाला होता. स्वस्त पडा म्हणून प्रथम निवडलेला पडदा समोरून पाहिल्यास नीट दिसत नव्हता. यामाउची यांनी असे यंत्र विकता येणार नाही, असे स्पष्ट केले. प्रकल्प बंद पडण्याच्या बेतात असताना शार्पने सुधारित प्रकारचा पडदा उपलब्ध करून दिला आणि काम पुढे गेले. खर्चाची बचत कोठे थांबवावी, याचा निर्णय येथे ग्राहकाच्या डोळ्यांनी केला.

रंगीत पडदा तेव्हा उपलब्ध होता, परंतु योकोई यांनी तो जाणीवपूर्वक नाकारला. रंगीत पडद्यामागे दिवा लागतो, दिव्याने सेल लवकर संपतात आणि किंमतही वाढते, असा त्यांचा हिशेब होता. गेम बॉयचा पडदा चार छटांचा व दिव्याविना होता. चार पेन्सिल सेलवर ते दहा तासांहून अधिक चालत असे. १९८९ मध्येच आलेले अटारीचे 'लिंक्स' आणि १९९० मध्ये आलेले सेगाचे 'गेम गिअर' ही रंगीत यंत्रे दिसायला सरस होती. मात्र त्यांची किंमत अधिक होती आणि सहा सेल घालूनही ती काही तासांतच बंद पडत. मुलांच्या खाऊच्या पैशांतून सेल विकत घ्यावे लागणाऱ्या घरांमध्ये हा फरक निर्णायक ठरला.

कागदावरील वैशिष्ट्यांची तुलना केल्यास गेम बॉय स्पर्धकांच्या मागे होते. ग्राहकांनी मात्र टिकाऊपणा, किंमत आणि खेळांची निवड यांना अधिक महत्त्व दिले. अमेरिकेत व युरोपात यंत्रासोबत दिलेला 'टेट्रिस' हा खेळ रंगांवाचूनही तितकाच रंजक होता आणि त्यामुळे प्रौढही या यंत्राकडे वळले. दोन यंत्रे तारेने जोडून खेळण्याची सोय प्रारंभापासून होती. १९९६ मध्ये आलेल्या 'पोकेमॉन' खेळांनी हीच तार केंद्रस्थानी आणली आणि जुने झालेले यंत्र पुन्हा जोमाने विकले जाऊ लागले. 'गेम बॉय' व त्याची रंगीत आवृत्ती यांची एकत्रित विक्री सुमारे ११ कोटी ८७ लाख इतकी झाली.

व्हर्च्युअल बॉय

१९९० च्या दशकात योकोई यांनी त्रिमित चित्र दाखवणाऱ्या यंत्राचे काम हाती घेतले. त्यातील मूळ तंत्र 'रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी' या अमेरिकी कंपनीचे होते. दोन्ही डोळ्यांपुढे स्वतंत्र चित्र दिसत असल्याने खोलीचा आभास होई. इतर रंगांचे प्रकाशदायी डायोड महाग असल्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर केवळ लाल रंग वापरण्यात आला. डोक्यावर बांधता येईल असे यंत्र बनवण्याचा मूळ विचार होता. वजन आणि सुरक्षिततेच्या शंका यांमुळे तो सोडावा लागला आणि यंत्र टेबलावरील घोडीवर ठेवून, वाकून पाहण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

'व्हर्च्युअल बॉय' २१ जुलै १९९५ रोजी जपानमध्ये १५,००० येन किमतीला प्रसिद्ध झाले. त्या वेळी कंपनीचे मुख्य बळ 'निन्टेन्डो ६४' या पुढील कन्सोलवर खर्च होत होते व तो लांबणीवर पडला होता. दरम्यानच्या काळात विक्रीस काहीतरी नवे असावे, ही व्यापारी निकड होती. यंत्र पुरेसे परिपक्व होण्यापूर्वीच बाजारात आणले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. खेळताना डोकेदुखी व डोळ्यांना थकवा येत असल्याच्या तक्रारी आल्या. शेजारी बसलेल्याला पडदा दिसत नसल्यामुळे जाहिरातीतून किंवा मित्राकडून त्याची गोडी लागणेही अवघड होते. दोन्ही देशांत मिळून २२ खेळ निघाले आणि सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रे विकली गेली. एका वर्षाच्या आत त्याची विक्री थांबवण्यात आली.

या अपयशाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. 'गेम बॉय'मध्ये रंग वगळल्याने ग्राहकाला स्वस्ताई व जास्त वेळ खेळण्याची सोय मिळाली होती. 'व्हर्च्युअल बॉय'मध्येही खर्चासाठी रंग वगळले गेले, पण त्या बदल्यात ग्राहकाच्या पदरात तितके काही पडले नाही.

निन्टेन्डोनंतरचा काळ व मृत्यू

योकोई यांनी त्यानंतर 'गेम बॉय पॉकेट' ही अधिक लहान व स्पष्ट पडद्याची आवृत्ती पूर्ण केली. ती जुलै १९९६ मध्ये बाजारात आली आणि १५ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी निन्टेन्डो सोडली. 'व्हर्च्युअल बॉय'च्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असा समज त्या वेळी पसरला. त्यांनी स्वतः मात्र तो नाकारला. वयाच्या पन्नाशीनंतर स्वतंत्रपणे काम करण्याचा त्यांचा बेत आधीपासूनच होता. मोठ्या कंपनीत यंत्रांची शक्ती व चित्रांचा झगमगाट यांच्या स्पर्धेत खेळाची मूळ कल्पना मागे पडत असल्याचीही त्यांना खंत होती.

सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी क्योतो येथे 'कोतो' ही कंपनी स्थापन केली. खेळणी बनवणाऱ्या 'बांदाई' कंपनीसाठी एक नवे हँडहेल्ड यंत्र तयार करण्याच्या कामात कोतोचा सहभाग होता. ते पूर्ण झालेले पाहणे योकोई यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतात होकुरिकू द्रुतगती मार्गावर ते प्रवास करीत असलेल्या मोटारीचा किरकोळ अपघात झाला. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. मृत्युसमयी ते ५६ वर्षांचे होते.

बांदाईचे 'वंडरस्वान' हे यंत्र मार्च १९९९ मध्ये ४,८०० येन किमतीला प्रसिद्ध झाले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालत असे. त्यासोबत आलेल्या एका कोडे-खेळाला योकोई यांच्या स्मरणार्थ 'गुनपे' हे नाव देण्यात आले.

विचार व वारसा

योकोई यांच्या कार्यपद्धतीला जपानीत 'कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको' असे म्हणतात. सुकलेल्या, म्हणजे सर्वांना ठाऊक होऊन स्वस्त झालेल्या तंत्राचा आडव्या दिशेने विचार करणे, असा त्याचा आशय आहे. अशा तंत्राचे दोष माहीत झालेले असतात, त्याचे भाग मुबलक मिळतात आणि त्यामुळे उत्पादनात अनिश्चितता कमी राहते. वाचलेला पैसा व वेळ खेळाच्या कल्पनेवर खर्च करता येतो. कंपनीचा नफा आणि ग्राहकाचे समाधान हे परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही, हा या विचाराचा निष्कर्ष होय. मात्र काटकसर कोठे करावी, हे ग्राहकाच्या अनुभवावरून ठरवावे लागते.

त्यांच्या मृत्यूनंतरही निन्टेन्डोच्या कामावर या विचाराचा प्रभाव राहिला. २००४ मधील 'निन्टेन्डो डीएस' आणि २००६ मधील 'वी' ही यंत्रे शक्तीच्या बाबतीत स्पर्धकांहून मागे असूनही त्यांच्या वेगळ्या हाताळणीमुळे कोट्यवधींच्या संख्येने विकली गेली. २००३ मध्ये योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार देऊन खेळ विकसकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्या कार्याची नोंद घेतली.